मुशीची सूट

आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत डिस्टिल्ड वॉटर पिवळं पडलं आणि अख्खा वर्ग हसला. हसण्यासारखंच होतं ते. बारावीच्या पोरांना मी दरवर्षी जानेवारीत हा प्रयोग करून दाखवतो. दोन परीक्षानळ्या. एकीत गटाराच्या तोंडाशी भरून आणलेलं पाणी, दुसरीत डिस्टिल्ड वॉटर. दोन्हींत नेसलरच्या द्रावणाचे थेंब टाकायचे. गटाराचं पाणी तपकिरी होतं, दुसरं तसंच नितळ राहतं, पोरं वहीत आकृती काढतात आणि विसरून जातात.

या वर्षी नितळ राहायचं पाणी पिवळं झालं.

"सर, तुमची बाटली एक्स्पायर झाली," समीना होडेकर म्हणाली. ती पहिल्या बाकावर बसते आणि माझी चूक निघाली की तिचा दिवस चांगला जातो.

मलाही तसंच वाटलं. बाटली माझ्याहून थोडीच लहान असेल. पारा असलेलं काहीही शाळा-कॉलेजात ठेवायला बंदी येऊन बरीच वर्षं झाली, तरी मी ती तपकिरी काचेची बाटली कपाटात मागच्या बाजूला जपून ठेवली होती. नेसलरचं द्रावण म्हणजे पाऱ्याचं आयोडाइड, ते विरघळायला पोटॅशियम आयोडाइड आणि वर भरपूर अल्कली. पाण्यात अमोनियाचा लवलेश असला तरी ते पिवळं पडतं. अमोनिया जास्त असला तर नारिंगी, त्याहून जास्त असला तर विटेच्या भुकटीसारखा गाळ खाली बसतो. रंग जितका गडद तितका अमोनिया जास्त, एवढं साधं गणित. ना बॅटरी लागते, ना नेटवर्क.

वर्ग सुटल्यावर मी कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानातून इंजेक्शनच्या पाण्याची एक सीलबंद कुपी आणली. ती फोडून त्यात द्रावण टाकलं. पाणी नितळच राहिलं. म्हणजे बाटली ठणठणीत होती. आमचं डिस्टिल्ड वॉटर रात्रभर उघड्या चंबूत पडून होतं आणि त्यानं हवेतला अमोनिया शोषला होता. अमोनियाला पाण्याची भारी ओढ असते.

मी भिंतीवरच्या नाकाकडे पाहिलं. नाक हिरवं होतं.

नाक म्हणजे काय ते सांगायला हवं. आमच्या देवखोल बंदरावर जहाजांना अमोनिया पुरवणारं टर्मिनल आलं तेव्हाची गोष्ट. तेलाऐवजी जहाजं अमोनियावर चालू लागली, धूर गेला, काजळी गेली, आणि आमच्यासारख्या विसरलेल्या बंदरांना भाव आला. पण अमोनिया हा काही गुलाबपाण्याचा फवारा नव्हे. डोळे जाळतो, छातीत गेला की फुप्फुसं आतून ओली करतो आणि माणूस कोरड्या जमिनीवर बुडतो. म्हणून कंपनीनं घराघरात, शाळेत, देवळात एकेक पांढरी डबी बसवली. आत रंग बदलणारा एक पापुद्रा आणि तो रंग वाचणारा बारीक दिवा. पारा नाही, विष नाही. हवा ठीक असेल तर हिरवा, अमोनिया वाढला तर पिवळा, फार वाढला तर लाल. लाल झाला की गावभर भोंगे वाजतात आणि टर्मिनलच्या सगळ्या नळांच्या झडपा आपोआप बंद होतात. लोक त्या डबीला पहिल्या दिवसापासून 'नाक' म्हणू लागले.

आणि देवखोलची सगळी नाकं जिच्या हाताखाली होती ती प्रज्ञा, माझी बायको.

"डिस्टिल्ड वॉटर पिवळं?" प्रज्ञानं जेवताना विचारलं. "चंबू नीट धुतला नसेल."

"मी धुतला होता."

"म्हणूनच म्हणते."

मी कुपीची गोष्ट सांगितल्यावर तिनं हसणं थांबवलं, पण घाबरलीही नाही. "विश्राम, तुझं कॉलेज खालच्या वाडीला लागून आहे. वाडीत सध्या अंगणाअंगणात मुशी वाळतेय. दुसरं काय असणार?"

हे खरं होतं. मुशी म्हणजे आमच्याकडचा लहान शार्क. या माशाच्या मांसातच युरिया असतो आणि तो वाळत घातला की त्याचा अमोनिया होतो. खालच्या वाडीत हिवाळाभर तो वास असतो. पाहुणे नाकाला रुमाल लावतात, आम्हाला तो येतही नाही. नाक सरावतं, माणसाचं लवकर आणि यंत्राचं सांगितलं तर.

यंत्राला ते सांगितलं होतं प्रज्ञानं, आणि त्यामागे कारण होतं. टर्मिनलच्या पहिल्याच हिवाळ्यात एका अंगणातल्या मुशीनं नाक लाल केलं. भोंगे वाजले. भोंगा झाला की काय करायचं ते कंपनीनं कवायती घेऊन शिकवलं होतं: टर्मिनल समुद्राकडे, म्हणून सगळ्यांनी घाटीची चढण चढून वर सड्यावर, डोंगरमाथ्याच्या पठारावर, पळायचं. अख्खी वाडी त्या अरुंद घाटीत एकदम घुसली. त्या रेटारेटीत प्रज्ञाचे वडील पडले. लोकांनी उचलेपर्यंत ते गेले होते. एका वाळत्या माशापायी.

प्रज्ञा तेव्हा नुकतीच नोकरीला लागली होती. वाडीनं मागणी केली की आमच्या मुशीनं नाक वाजता कामा नये, आणि वाडीच्याच पोरीनं ती पुरी केली. पूर्वी नाकाचा शून्य कारखान्यात ठरत असे. तिनं तो घरोघरी ठरवायला लावला. पहाटे मतलई सुटते, जमिनीवरून समुद्राकडे वाहणारी. टर्मिनलचं जे काही असेल ते ती दर्यावर ढकलून देते. त्या घटकेला प्रत्येक घरात जी हवा असेल, माशाच्या रेंगाळणाऱ्या वासासकट, तिला नाकानं शून्य मानायचं आणि दिवसभर त्याच्या वर काय चढतं तेवढंच मोजायचं. गावात त्याला नाव पडलं मुशीची सूट. त्यानंतर एकदाही खोटा भोंगा झाला नाही. प्रज्ञाला याचा अभिमान होता आणि मला प्रज्ञाचा.

सासूबाईंना मी मामी म्हणत असे. जानकी मोंडकर, खालच्या वाडीतलं शेवटचं घर, घाटीच्या पायथ्याशी. तिथे मी पहाटे बश्या मांडायला गेलो तेव्हा त्या दारातच उभ्या होत्या. डोळे लाल, पदरानं सारखे पुसत होत्या.

"मास्तरांनु, ही बशी कित्याक मांडलास? मांजराक दूध?"

"पाणी आहे, मामी. थेंबभर ॲसिड घातलंय. हवेतला अमोनिया त्यात अडकतो. मग मी औषध टाकून रंग बघणार."

"आणि प्रज्ञा काय म्हणता?"

"म्हणते मुशीचा वास आहे."

एवढं बोललो आणि चूक केली. मामींनी मुशीचा अपमान कधी सहन केला नव्हता. "माझ्या मुशीक बोल लावतास? बरा. सगळी मुशी उचलून भैनीकडे खाडीपार धाडतंय. वाडीतल्या बाकीच्यांकाय सांगतंय. मगे मोजा काय ता!"

आणि खरंच धाडली. जानकी मोंडकरणीचा शब्द वाडीत चालत असे. दोन दिवसांत अंगणं रिकामी झाली, काठ्यांवर नुसत्या दोऱ्या राहिल्या. मी पहाटे पुन्हा बश्या मांडल्या, एक मामींच्या अंगणात, पुढच्या घाटीच्या प्रत्येक वळणावर.

मुशी नव्हती, तरी मामींच्या अंगणातली बशी आधीपेक्षा गडद झाली. पहिल्या वळणावरची नारिंगी. तिसऱ्या वळणावरच्या बशीत थेंब पडताक्षणी विटकरी गाळ खाली बसला. त्याच्या वर, सड्याच्या तोंडाशी ठेवलेली बशी मात्र जवळजवळ नितळ होती.

मी त्या सगळ्या बश्या आमच्या जेवणाच्या टेबलावर ओळीनं ठेवल्या. प्रज्ञा आंघोळ करून आली, केसांना टॉवेल गुंडाळलेला, आणि बघत उभी राहिली. तिसऱ्या वळणाच्या खालून काय जातं ते तिला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. मुशीची सूट दिल्यानंतर दोन वर्षांनी कंपनीनं टर्मिनलपासून सड्यावरच्या ट्रक-डेपोपर्यंत घाटीच्या पोटातून नळ घातला होता. नळ आला तेव्हा सुटीचा विचार कुणी केला नाही, तिनंसुद्धा नाही. पहाटेची हवा स्वच्छ, हे सगळ्यांनी गृहीतच धरलं होतं.

"मतलई," ती म्हणाली. एवढंच.

पहाटे मतलई घाटीतून खाली वाडीत उतरते. तिसऱ्या वळणाला कुठलातरी सांधा गळत होता आणि ती हवा बरोबर त्या घटकेला प्रत्येक घरात शिरत होती, ज्या घटकेला नाकं आपला शून्य ठरवत होती. गळती वाढली की शून्य वाढत होता. जे मोजायचं तेच वजा होत होतं. माझ्या सासूचे डोळे सहा महिने लाल होते आणि तिच्या भिंतीवरचं नाक हिरवं होतं.

"मी केलं हे," प्रज्ञा म्हणाली. मग ती खाली बसली आणि टॉवेलमध्ये तोंड खुपसून रडली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. तिनं तो झटकला नाही, पण त्याचा तिला काही उपयोगही झाला नाही.

टर्मिनलचा सुरक्षाप्रमुख दिघे हा माणूस वाईट नव्हता. हे मी मुद्दाम सांगतो, कारण नंतर गावानं त्याला राक्षस केलं. त्यानं आम्हाला बसवलं, चहा मागवला, बश्यांचे फोटो मोठे करून पाहिले.

"यात पारा आहे ना, सर?" त्यानं मला विचारलं. "बंदी असलेला?"

"आहे."

"आणि तुम्ही तो मुलांसमोर वापरता." त्यानं चष्मा काढून टेबलावर ठेवला. "प्रज्ञा, हे मी मुख्यालयाला कसं दाखवू? माझ्याकडे देवखोलची सगळी नाकं हिरवी आहेत, आणि तुझ्याकडे बेकायदा बाटली आणि घरातल्या बश्या."

"नाकं हिरवी आहेत कारण मी त्यांना तसं शिकवलंय. मला आज सूट काढू द्या. खरं काय ते पडद्यावर दिसेल."

"सूट काढली तर गाव लाल होईल. भोंगे होतील. लोक घाटीत धावतील." तो थांबला. "त्याचं काय होतं ते तुला मी सांगायची गरज नाही."

प्रज्ञाचा चेहरा पांढरा पडला. दिघेलाही आपण काय बोललो ते कळलं असावं, कारण त्यानं मान खाली घातली.

"नळाचा दाब तरी वाढवू नका," ती म्हणाली.

"डेपोच्या वाढीव भागाचं उद्घाटन आहे. उद्या सातच्या पाळीपासून दुप्पट पंपिंग. ते मुख्यालयाचं आहे, माझ्या हातात नाही. महाशिवरात्रीनंतर नळ बंद ठेवून तपासू, मी शब्द देतो. आणि प्रज्ञा, तू थोडे दिवस रजेवर जा. उद्या ऑफिस उघडलं की तुझा पासवर्ड बंद करावा लागेल. तुझ्याच भल्यासाठी."

कलेक्टर कचेरीत फोन केला. तिथल्या साहेबांसमोरही तोच पडदा होता. हिरवं आहे सगळं, म्हणाले, अफवा पसरवू नका.

संध्याकाळी आम्ही तिघं मामींच्या पडवीत बसलो. प्रज्ञानं आईला सरळ सांगितलं, काही लपवलं नाही. नळाचा सांधा झिजलाय. दुप्पट दाब त्याला झेपणार नाही. पंप चालू असताना तो फुटला तर वरून येतच राहील, वाडीत कुणी उरणार नाही. त्याआधी सूट काढली तर नाकं लाल होतील आणि झडपा धाडकन बंद होतील. वाहतं द्रव एकदम अडलं की नळाला हिसका बसतो, त्या हिसक्यानं सांधा तेव्हाच फुटेल अशी दाट शक्यता आहे. पण मग दोन झडपांच्या मध्ये जेवढं अडकलंय तेवढंच बाहेर येईल. ते थंड, जड ढग होऊन घाटीतून वाडीत उतरेल आणि व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, अंगानं समुद्रात जाईल.

"मगे काढ सूट," मामी म्हणाल्या.

"आये, सूट काढली की भोंगा होणार. झडपा नि भोंगा एकाच तारेला बांधलेत. आणि भोंगा झाला की लोक खंय पळतले?"

मामींनी घाटीकडे पाहिलं. बरीच वर्षं कवायत करून घेतलेली वाडी, भोंगा ऐकला की झोपेतसुद्धा वर धावणारी. वर म्हणजे तिसऱ्या वळणावर.

"घरोघर जावन सांगूया," मी म्हणालो. वाडीत बोलताना माझीही भाषा घसरते. "खाली दांड्यावर चला म्हणून." दांडा म्हणजे समुद्रात शिरलेली वाळूची जीभ. व्हाळापासून बाजूला, मतलईच्या वाटेत न येणारी.

"कोण ऐकतला?" मामी म्हणाल्या. "नाक हिरवा आसा, नि मोंडकरणीचो जावय सांगता पळा. हसतले." त्यांनी पदरानं डोळे पुसले. मग म्हणाल्या, "रापणीची हाळी घालूया."

रापण आता फारशी होत नाही. किनाऱ्याजवळ माशांचा थवा दिसला की होडीनं मोठं जाळं अर्धगोल टाकायचं, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर, आणि साऱ्या वाडीनं ओढायचं. दोराला हात लावेल त्याला वाटा. म्हातारं, पोर, परजातीचा, पाहुणा, कुणीही. म्हणून हाळी ऐकली की घरात कुणी थांबत नाही, चुलीवरचं दूध उतू गेलं तरी. हाळी घालण्याचा मान प्रज्ञाच्या वडिलांचा होता. ते गेल्यावर जानकी मोंडकरणीचा. रापणीत खोटी हाळी घालणाऱ्याला वाडी पुन्हा दोराला हात लावू देत नाही.

"आये, मासो खंय आसा?" प्रज्ञा म्हणाली. "तू खोटी हाळी घालतलंस?"

"घालतलंय. तुझो बापूस आसतो तर त्यान घालूक दिल्यान नसती." मामी उठल्या. "पण तो नाय."

पहाटे अंधार विरत असताना मामी दांड्याच्या खडकावर उभ्या राहिल्या आणि त्यांनी हाळी घातली. मी ती आधी कधी ऐकली नव्हती. त्या एवढ्याशा बाईच्या छातीतून तेवढा आवाज कसा आला कोण जाणे. दारं उघडली. बायका पदर खोचत आल्या, पुरुष लुंग्या सावरत, कडेवर झोपलेली पोरं घेऊन. माझी समीनाही बापाबरोबर आली. "सर, तुम्हीपण? तुम्हाला ओढता येतं?" तिनं विचारलं.

होडी गेली, जाळं पडलं. दोन्ही दोर किनाऱ्यावर आले. रापणीच्या दोन टोकांमध्ये बरंच अंतर असतं, आणि अजून नीट उजाडलं नव्हतं. आमच्या टोकाची माणसं मला दिसत होती, पलीकडच्या टोकाच्या नुसत्या काळ्या आकृत्या. लोक ओढायला लागले. कुणीतरी गाणं धरलं.

मामी आमच्यापाशी आल्या. "घाटीवरच्या घरांक हाळी गेली नाय," त्या म्हणाल्या. "भागीम्हातारीच्या दारात उजेड दिसता." पहिल्या वळणावर तीन-चार घरं आहेत. भोंगा झाला की ती माणसं थेट तिसऱ्या वळणाकडेच धावणार होती.

"मी जातो," मी म्हणालो.

"तुमी नको. तुमका कोण ऐकूचा नाय." आणि त्या निघाल्यासुद्धा, वाळूतून झपझप. जाताना वळून प्रज्ञाला म्हणाल्या, "पोचलंय की फोन करतंय. मगेच दाब."

आम्ही वाट पाहिली. घाटीवरच्या घरांतली माणसं येताना दिसली, एक जोडपं, दोन भाऊ, एक बाई तान्ह्याला घेऊन. आली आणि पलीकडच्या दोराकडे गेली. भागीम्हातारी दिसली नाही. मामी दिसल्या नाहीत. प्रज्ञाच्या हातात फोन होता, पडद्यावर सूट काढायचं बटण. टर्मिनलच्या बाजूला पाळीचे दिवे लागत होते. सातची पाळी लागली की दुप्पट पंपिंग सुरू होणार होतं, आणि आकाश आता पुरतं पांढरं झालं होतं.

फोन वाजला. तिनं तो स्पीकरवर टाकला.

"प्रज्ञा, मी पोचलंय गो. पलीकडच्या दोरार आसंय. भागीय हयसरच आसा. दाब."

"आये, हात वर कर. माका दिसत नाय."

"हात दोराक आसत. दाब तू. येळ घालवू नको."

मी पलीकडच्या टोकाकडे पाहिलं. आकृत्या ओढत होत्या, वाकत होत्या. त्यांत एखादी मामी असेलही. प्रज्ञानं माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. आम्ही दोघंही ऐकत होतो. फोनमधून बाकी काहीच येत नव्हतं. टर्मिनलवर पाळीआधीची पहिली घंटा झाली.

"आये," प्रज्ञा म्हणाली.

"दाब, बाय," मामी म्हणाल्या.

तिनं दाबलं.

एका क्षणात मागे सगळं गाव किंचाळलं. रिकाम्या घराघरातली नाकं लाल झाली, देवळातलं, शाळेतलं, माझ्या प्रयोगशाळेतलं. दोर ओढणारी माणसं जागच्या जागी थिजली आणि मग सवयीनं वळली, घाटीकडे. प्रज्ञा त्यांच्यासमोर हात पसरून उभी राहिली आणि ओरडत राहिली, थांबा, हयच थांबा. काही जण तिला ढकलून पुढे गेले. तेवढ्यात घाटीच्या तिसऱ्या वळणावर दबका आवाज झाला आणि तिथून पांढरं काहीतरी बाहेर आलं. ते वर गेलं नाही. जमिनीला चिकटून खाली उतरलं, वाडीच्या गल्ल्यांमधून, मामींच्या अंगणातून, व्हाळाच्या अंगानं समुद्रात. पुढे गेलेले परत धावत आले. दांड्यावर आमचे डोळे नुसते चुरचुरले. थोड्या वेळानं वर उरलेलं संपलं आणि पांढरं विरत गेलं. त्या दिवशी देवखोलात जी शेकडो माणसं मेली असती ती वाळूवर उभी राहून बघत होती.

मामी पहिल्या वळणावर सापडल्या, भागीम्हातारीच्या न्हाणीत. न्हाणीच्या दाराच्या फटी आतून चिंध्यांनी बुजवलेल्या. स्वतःचं लुगडं भिजवून, चार घड्या करून त्यांनी ते म्हातारीच्या तोंडावर दाबून धरलं होतं. म्हातारी जिवंत होती. मामींच्या तोंडावर काही नव्हतं.

चौकशी झाली. अहवालात दोष कुणाचा ते ठरलं: मुशीची सूट. नळाच्या सांध्यावर शेवटी एक परिच्छेद होता. प्रज्ञावर खटला चालू आहे. दिघेची बदली झाली. आता नाकांचा शून्य सीलबंद हवेच्या कुपीवरून ठरतो आणि मुशी वाळवायला वाडीला बंदी आहे. माझी बाटली पुरावा म्हणून जप्त झाली. समीनाच्या वर्गाला मी नेसलरचं द्रावण आता फळ्यावर शिकवतो. हल्ली ती माझ्या चुका काढत नाही.

भागीम्हातारी दवाखान्यातून घरी यायला बरेच दिवस गेले. आवाज बसला होता, कायमचा. प्रज्ञा तिला भेटायला गेली तेव्हा मी सोबत होतो. म्हातारीनं तिचा हात धरला आणि घोगऱ्या आवाजात एकेक शब्द काढत सांगितलं.

"माझे पाय चालनत नाय, तुका म्हायत आसा. तिना माका उचलून बघितल्यान, नाय जमला. मगे न्हाणयेत घेवन गेली. फोन लावच्या आधी माका म्हणाली, 'भागये, वायच दम धर. खोकू नको. फोनार चेडू आसा, तेका कळतला.'" म्हातारी थांबली, श्वास घेतला. "माका खोकलो इल्लो गो. मी तोंडात पदर कोंबलंय."

प्रज्ञानं म्हातारीच्या पायावरचं पांघरूण नीट केलं.

घरी येताना आम्ही दांड्याच्या वाटेनं आलो. भरती होती. लाटा वाळूवर आपटत होत्या आणि त्या गाजेत शेजारच्याचं बोलणंही नीट ऐकू येत नव्हतं. प्रज्ञा थांबली. माझ्या कानाशी तोंड आणून तिनं विचारलं, त्या सकाळनंतर पहिल्यांदाच.

"फोनात गाज नव्हती. तुला कळलं होतं?"

"हो," मी म्हणालो.

"मलाही," ती म्हणाली, आणि आम्ही चालू लागलो.